तीन राजे आणि खिडकीचं टेबल

मास्तरांच्या मते जगात माणसांचे दोनच प्रकार होते. एक मास्तर स्वतः, आणि दुसरा उरलेले सगळे. हे उरलेले सगळे गेल्या वर्षभरात जरा धूसर दिसायला लागले होते, पण ते त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोणाला? जो तो उरलेल्यांतलाच.

मास्तर म्हणजे कोट शिवणाऱ्या एका दुकानातले कटर. कापड पसरायचं, खडूने आखायचं आणि कात्री चालवायची, हे त्यांचं काम. काम चांगलं करायचे, त्यात वाद नाही. पण करताना तोरा असा, की कोट त्यांच्या कात्रीतून पूर्ण होऊनच बाहेर पडतो आणि बाकीची मंडळी त्याला नुसती टाचणी टोचतात. मशीनवर बसणारा माणूस त्यांच्या लेखी पाय हलवणारा होता. इस्त्रीवाला म्हणजे वाफ सोडणारा. आणि काज-बटण करणारी बाई तर त्यांच्या हिशेबातच नव्हती, कारण ती त्यांची मेहुणी होती. बायकोच्या या धाकट्या बहिणीला तेरा वर्षांपूर्वी मास्तरांनीच दुकानात चिकटवलं होतं, आणि तेरा वर्षांत असा एक आठवडा गेला नव्हता की त्यांनी ते तिला ऐकवलं नाही.

दुकानाच्या मागची कामाची खोली लांबट होती आणि तिला खिडकी एकच. बाकी सगळा ट्यूबलाइटचा कारभार, त्यातली एक ट्यूब कायम डोळे मिचकावणारी. काळ्या आणि निळ्या कापडाचं काम करणाऱ्यांना उजेड म्हणजे काय ते विचारा. खिडकीखालची ती एक जागा सगळ्यांना हवी असायची. त्यावरून पूर्वी इतकी भांडणं व्हायची, की शेवटी मालकीणबाईंनी कंटाळून एक तोडगा काढला. खिडकी पत्त्यांवर ठरेल.

या मालकीणबाईंचा भाऊ जहाजावर होता. एका सुट्टीत तो सगळ्यांना होल्डम नावाचा पोकरचा प्रकार शिकवून गेला. प्रत्येकाच्या हातात दोन पानं झाकून. मग टेबलाच्या मधोमध पानं उघडायची, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. ही मधली पाच सगळ्यांची. आपली दोन आणि मधली पाच मिळून ज्याची पाच पानं सगळ्यांत भारी, डाव त्याचा. प्रत्येक टप्प्यावर बोली लावायची, आणि ज्याला झेपत नाही त्याने पानं पालथी टाकून गप्प बसायचं. दर रविवारी दुपारी दुकान बंद असताना हा खेळ चाले. पैशांनी नाही, बटणांनी. प्रत्येकाची एक बरणी. वर्षाच्या शेवटच्या रविवारी ज्याच्या बरणीत जास्त बटणं, त्याने पुढच्या वर्षाची जागा आधी निवडायची. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून टेबलं सरकवायची आणि वर्षभर तोंडातून ब्र काढायचा नाही.

पहिल्या वर्षी बोलीला मर्यादा नव्हती. तेव्हा इस्त्रीवाल्याने दोन चौक्यांच्या भरवशावर अख्खी बरणी टेबलावर उपडी केली आणि गमावली. त्यानंतर तो आठवडाभर कोणाशी बोलला नाही. एरवी त्याचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत जायचा, म्हणून तर त्याला सगळे भोंगा म्हणायचे. ती शांतता इतकी भयंकर होती की गिऱ्हाइकं विचारायला लागली, कोणी गेलं का म्हणून. मग मालकीणबाईंनी नियम केला. पहिल्या दोन फेऱ्यांत बोली दोन बटणांची, पुढच्या दोन फेऱ्यांत चार बटणांची. वाढवायचं तर तेवढ्यानेच वाढवायचं, आणि एका फेरीत तीनदाच. "तुमच्यासारख्यांना लगाम घालूनच खेळवायला हवं," त्या म्हणाल्या. मास्तरांना वाटलं, हे इतरांना उद्देशून आहे.

अकरा वर्षांत नऊ वेळा खिडकी मास्तरांची. जिंकत होते ते हुशारीने असं त्यांचं म्हणणं. खरं कारण एवढंच की बाकीचे खेळायला यायचे आणि हे जिंकायला यायचे.

या वर्षी मात्र खिडकीवाचून त्यांचं खरोखर अडणार होतं. चार महिन्यांपूर्वी ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, छोटंसं ऑपरेशन आहे, आधी एक डोळा करू, काही आठवडे जपायचं, मग दुसरा. कोणीही शहाण्या माणसाने तारीख घेतली असती. मास्तरांनी टोपी घेतली आणि निघाले. काही आठवडे! तेवढे दिवस कात्री दुसऱ्याच्या हातात? आणि दुसऱ्याने नीट कापलं तर? त्यापेक्षा खिडकीखाली भरपूर उजेडात कापड नाकाशी धरलं की भागतंय, असा त्यांनी हिशेब केला. माणूस अडाणी असला तर त्याला समजावता येतं. स्वतःला हुशार समजणाऱ्याचं काही करता येत नाही.

भागत नव्हतंच. महिन्यापूर्वी एका वकिलाचा गडद निळा कोट तयार होऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. अंग निळं आणि बाह्या काळ्या. वकिलाला ते उन्हात उभं राहिल्यावर कळलं, तेही दुसऱ्या वकिलाने हसून दाखवल्यावर. त्या दिवशी बाहेर आभाळ भरलेलं होतं आणि मास्तरांनी बाह्या काळ्या ताग्यातून कापल्या होत्या. त्यांच्या लक्षात यायला एक क्षण लागला, आणि दुसऱ्याच क्षणी ते म्हणाले, "मी निळ्याच कापल्या होत्या. मेहुणीने गठ्ठे सरमिसळ केले असतील. तिला काज सोडून काय कळतं?" मशीनवाल्याने बाह्या जोडताना काही म्हटलं कसं नाही, असं कोणी विचारलं असतं, पण त्या डोळे मिचकावणाऱ्या ट्यूबखाली त्यालाही काय दिसणार? मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर मेहुणीला फैलावर घेतलं. तिने मास्तरांकडे एकदा पाहिलं, मग मान खाली घातली आणि नव्या बाह्यांवर आठ काजे पुन्हा केली. मास्तरांनी मनात म्हटलं, बरी गरीब आहे बिचारी. आणि त्यांना खुशाल झोप लागली.

तर असा तो वर्षाचा शेवटचा रविवार. खोलीच्या मधोमध टेबल, त्यावर एकच उघडा दिवा, आणि पत्ते तेच अकरा वर्षांपूर्वीचे, इतक्या हातांनी मळलेले की राण्यांचे चेहरे पुसून गेले होते. एरवी मास्तरांना त्याची फिकीर नसे. पानं भोंगा वाटायचा, आणि मधलं प्रत्येक पान उघडताना स्टेशनवर घोषणा करावी तसा ओरडायचा, "किलवर दश्शी! इस्पिक राणी!" हातातली दोन पानं नाकाशी धरता येत होती आणि मधली कानांनी कळत होती. पण दोन दिवसांपूर्वी भोंग्याचा घसा बसला. गळ्याभोवती मफलर गुंडाळून तो मुकाट्याने पानं टाकत होता आणि मास्तर दुपारभर डोळे बारीक करून, कधी बरणी सरकवण्याच्या निमित्ताने वाकून, वेळ मारून नेत होते. दिव्याचं तेज सरळ डोळ्यांत घुसत होतं आणि लाल पानं म्हणजे नुसते लाल डाग दिसत होते.

"हा शेवटचा डाव," मालकीणबाई चहाचं पाणी ठेवता ठेवता म्हणाल्या. "मोजून सांगते. मशीनवाला पुढे. मास्तर, तुम्ही सात बटणांनी मागे."

मशीनवाल्याला सगळे उसासा म्हणत. पान चांगलं आलं की तो उसासा टाकायचा, वाईट आलं की गप्प राहायचा, आणि हे सगळ्या दुकानाला माहीत असूनही त्याला स्वतःला माहीत नव्हतं. मेहुणी तिसरी, बरीच मागे. भोंगा तर स्पर्धेतच नव्हता.

मास्तरांनी आपली दोन पानं उचलून नाकाशी नेली. इस्पिकचा राजा. किलवरचा राजा.

उसाशाने उसासा टाकला आणि दोन बटणं पुढे सरकवली. त्याच्यानंतर पाळी मास्तरांची, मग मेहुणीची, शेवटी भोंग्याची.

आता इथे हाताशी दोन राजे असलेल्या माणसाने काय करायचं? वाढवायचं. दोनाची चार करायची, विषय संपला. बोलीला मर्यादा असलेल्या खेळात ढीगभर बटणं ओतून समोरच्याला घाबरवता येत नाही. हातात असतं ते इतकंच, की प्रत्येक फेरीला त्याच्याकडून पुरेपूर वसूल करायचं आणि भुरट्यांना फुकटात आत शिरू द्यायचं नाही. हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. त्यांना आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. मेहुणी कुठल्याही भिकार पानांवर "बघू तरी" म्हणत एक बोली भरायची, पण तिच्यापर्यंत येताना कोणी वाढवलेलं असलं आणि एकदम दोन बोल्या भरायची वेळ आली, की "दोन एकदम नाही बाई" म्हणून पानं ठेवून द्यायची. अकरा वर्षांत यात बदल नाही. म्हणजे मास्तरांनी चार केले की मेहुणी गेली, कदाचित भोंगाही गेला, आणि उसाशाशी दोन राजांनी सरळ गाठ. सात बटणं भरून काढायला तेवढं पुरेसं होतं.

पण सात बटणांवर मास्तरांचं समाधान होणार नव्हतं. सगळ्यांच्या बरण्या खडखडीत झाल्या पाहिजेत, उसाशाचा चेहरा पडला पाहिजे, आणि मेहुणीला कळलं पाहिजे की "बघू तरी" म्हणत बघणारे कुठे असतात आणि आपण कुठे. येऊ देत सगळ्यांना आत, त्यांनी ठरवलं. दार आतून मग बंद करू.

"दोन," मास्तर म्हणाले, आणि वर पानं वाईट असल्यासारखा चेहरा केला. हा चेहरा त्यांना मुळीच जमत नसे.

"बघू तरी," मेहुणी म्हणाली आणि दोन बटणं टाकली. भोंग्यानेही टाकली.

मधली तीन पानं उघडली. मास्तर बरणीच्या निमित्ताने वाकले. बदामचा राजा! बाकी एक किलवरची चौकी आणि एक लाल नव्वी, बहुधा चौकट. तीन राजे झाले. मास्तरांच्या छातीत इंजिन सुरू झालं. अंगावर कोट नसता तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

उसाशाने इतका लांब उसासा टाकला की दिवा हलला. त्याच्याकडे चौथा राजा असणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. राजाची जोडी घेऊन बसलेला माणूस काही झालं तरी जाणार नाही. त्याच्या दोनावर चार करा, तो भरणार. तो वाढवेल, तुम्ही पुन्हा वाढवा, तो पुन्हा भरणार. उसाशाकडून मिळायचं ते असंही मिळणारच होतं. राहिली मेहुणी. ती गेली असती.

"दोन," मास्तर म्हणाले.

"बघू तरी."

भोंग्याने पानं पालथी टाकली आणि चौथं पान उघडलं. मास्तर पुन्हा वाकले. आता मालकीणबाई म्हणाल्या, "मास्तर, ती बरणी एका जागी ठेवा की. मगापासून काय चाललंय?" पण तोवर मास्तरांना दिसलं होतं. बदामची दुर्री. म्हणजे मधे दोन बदाम झाले. तिसरा आला तर कोणाच्या हातात दोन बदाम असले की पाच बदामांचा फ्लश, आणि त्यापुढे तीन राजे म्हणजे तीन शिपाई.

उसाशाने चार बटणं लावली. इथून पुढे बोली चाराची. खरं तर मास्तरांनी मनाशी हीच जागा ठरवून ठेवली होती, दुप्पट बोली सुरू झाली की वाढवायचं. ठरवलेलं तरी करायचं ना! हात आठ बटणांवर गेलासुद्धा. मग त्यांनी डावीकडे पाहिलं. मेहुणी चार बटणं चिमटीत धरून तयार बसली होती, काजाला बटण लावावं तशी. चारच. आठ म्हटलं की ती चिमूट परत बरणीत जाणार. तिच्या त्या चार बटणांचा मास्तरांना असा मोह पडला, जणू तेरा वर्षांपूर्वी तिला नोकरीला लावल्याची दलाली त्यांना आता मिळणार होती. बदाम येतोय कशाला, त्यांनी स्वतःला समजावलं. आणि आला तरी हिच्याकडे? हिच्याकडे काय असणार!

"चार."

"बघू तरी."

असं मास्तरांनी तीनदा दार उघडं ठेवलं. आल्या पाहुणीला चहा तेवढा विचारायचा राहिला.

भोंग्याने शेवटचं पान उघडलं. तोंड उघडलं, सवयीने ओरडायला गेला, आणि घशातून नुसती हवा आली. पान लाल होतं. चित्राचं होतं, डोक्यावर टोपी, म्हणजे गुलाम. मास्तरांनी डोळे बारीक केले. दिव्याचं तेज पानावरून परावर्तित होऊन त्यांच्या डोळ्यांत पसरलं. कोपऱ्यातला लाल ठिपका वर टोकदार होता की दुभंगलेला? बरणीला हात लावायची आता सोय नव्हती, मालकीणबाई बघत होत्या. टोकदार, मास्तरांनी ठरवलं. चौकट. चौकटचा गुलाम.

आणि त्यांनी इतका मोकळा श्वास सोडला, की उसाशालाही जमला नसता.

"चार," उसासा म्हणाला.

"आठ!" मास्तर गरजले. अखेर! अख्ख्या डावात जे करायचं ते त्यांनी नको तेव्हा केलं.

आता "दोन एकदम नाही बाई" ऐकायला सगळे मेहुणीकडे वळले. ती मास्तरांकडे पाहत होती. महिन्यापूर्वी बाह्यांच्या वेळी पाहिलं होतं तशीच. मग तिने बरणीत हात घातला.

"बारा," ती म्हणाली.

अकरा वर्षांत मेहुणीने कधी वाढवलं नव्हतं. उसाशाने तिच्याकडे पाहिलं, मधल्या पानांकडे पाहिलं आणि पानं ठेवून दिली. त्याला अक्कल बेताची होती, पण डोळे होते.

मास्तर हसले. "मेहुणीबाई, चुकून दुसऱ्याची बटणं मोजलीस की काय? बारा म्हणजे किती, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे भाऊजी."

"मग सोळा!"

"तीन झाले," मालकीणबाई चहाच्या आधणापासूनच म्हणाल्या. "यापुढे वाढवायचं नाही."

ज्या नियमाला मास्तर अकरा वर्षं पोरखेळ म्हणत आले होते, त्याच नियमाने त्या दिवशी त्यांची बरणी वाचवली. नाहीतर त्यांनी कात्रीही टेबलावर ठेवली असती. मेहुणीने उरलेली चार बटणं टाकली. मास्तरांनी दोन राजे फाडकन उघडले. "तीन राजे! आणि मेहुणीबाई, हे बघ, 'बघू तरी' म्हणणाऱ्याने हेच बघायचं असतं."

मेहुणीने आपली पानं सावकाश उलटली. बदामची सत्ती. बदामची पंजी. "फ्लश," ती म्हणाली.

"कसला फ्लश? मधे दोनच बदाम आहेत. राजा आणि दुर्री. दोन आणि दोन चार. पाच लागतात. काजे मोजतेस तशी पानं मोजायला शिक!"

कोणीच हसलं नाही. उसासा टेबलाकडे बघत राहिला. मग गळ्यातला मफलर धरून भोंगा पुढे झुकला आणि फाटक्या आवाजात कुजबुजला. दुकानात त्याची कुजबुज कोणी कधी ऐकली नव्हती, म्हणून ती सगळ्यांना ऐकू गेली.

"मास्तर, तो बदामचा गुलाम आहे."

"काहीतरीच काय!" मास्तरांनी पान उचललं. उचललं आणि सवयीने नाकाशी नेलं, मग दिव्याखाली तिरकं केलं, मग पुन्हा नाकाशी. बदाम होता. चांगला पोटभर बदाम. आपण काय करतोय हे लक्षात येऊन त्यांनी पान खाली ठेवलं, तोवर चारही जणांचं बघून झालं होतं. "छपाई पुसट झालीय," ते म्हणाले. "कधीचा म्हणतोय, नवे पत्ते आणा."

"आणू," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी चहा ओतला, मास्तरांचा कप त्यांच्या अगदी हाताशी आणून ठेवला, आणि तो इतका जपून ठेवल्याचाच मास्तरांना सगळ्यात जास्त राग आला. "उद्या टेबलं सरकवा. या डावाने काजवाली सगळ्यांच्या पुढे गेली. खिडकी तिची."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलं सरकली. मास्तरांचं टेबल आतल्या भिंतीला, नेमकं त्या डोळे मिचकावणाऱ्या ट्यूबखाली. खिडकीत मेहुणी बसली. तिच्या काळ्या कापडावर ऊन पडलं होतं आणि ती टाका घालताना पहिल्यांदाच मान न वाकवता बसली होती. तेरा वर्षं ती त्या ट्यूबखाली काळ्यावर काळा दोरा घालत होती, आणि तिलाही डोळे आहेत हे कधी मास्तरांच्या मनाला शिवलंही नव्हतं. आताही फार शिवलं असं नाही. त्यांना स्वतःचंच पडलं होतं.

टेबलावर दोन तागे होते. एक काळा, एक गडद निळा. आज निळा कोट कापायचा होता. मास्तरांनी एक तागा नाकाशी धरला. मग दुसरा. मग पहिला. ट्यूब मिचकावली. उसाशाचं मशीन चालू होतं, भोंगा वाफ सोडत होता, आणि कोणीही बघत नव्हतं. मुद्दाम बघत नव्हतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. मास्तरांनी कात्री उचलली, खाली ठेवली. पुन्हा उचलली. चुकीचा तागा कापला तर या वेळी ढकलायला कोणी नव्हतं.

तीस वर्षांत त्यांनी कामातलं कोणाला काही विचारलं नव्हतं. दोन्ही तागे काखेत मारून ते खिडकीपाशी गेले.

"यातला निळा कुठला?" ते पुटपुटले. विचारत नसून परीक्षा घेत असल्यासारखे.

मेहुणीने सुई थांबवली. कापडाकडे पाहिलं नाही.

"काल तो गुलाम आला तेव्हा तुम्ही सुटलो म्हणून श्वास सोडलात," ती हळू आवाजात म्हणाली. "तिसरा बदाम दिसलेला माणूस त्या पानावर असा श्वास सोडत नाही भाऊजी. म्हणून मी बारा केले. बाह्यांच्या दिवशी नुसता संशय होता."

मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले.

"आणि पहिल्याच फेरीला चार केले असतेत, तर मी पानं ठेवली असती. दुसऱ्या फेरीला केले असतेत तरी ठेवली असती. तुम्हाला माहीत होतं. मला तुम्ही ठेवून घेतलंत."

"कुठला निळा ते सांग ना," मास्तर म्हणाले. आवाज जरा उतरला होता.

"सांगते. रोज सांगेन, वर्षभर, डोळे दाखवून नीट करून घेईपर्यंत. ताईलाही सांगणार नाही, ते तुम्हीच सांगा." तिने सुई कापडात खोचून ठेवली. "पण आधी त्या बाह्या कोणी कापल्या ते सांगा. मला नको. मला माहीत आहे. त्यांना."

मास्तरांनी मागे पाहिलं. उसाशाचे पाय थांबले होते. भोंग्याने इस्त्री उभी करून ठेवली होती. दाराशी मालकीणबाई तोंडात टाचण्या धरून उभ्या होत्या. सगळे धूसर दिसत होते, आणि तरी सगळे वाट बघतायत हे मास्तरांना स्पष्ट दिसत होतं. उगाच खाकरून झालं. कॉलर सारखी करून झाली. तागे या काखेतून त्या काखेत गेले.

"वकिलाच्या बाह्या," ते म्हणाले, आणि आवाज पोचला नाही म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. "वकिलाच्या बाह्या मी कापल्या होत्या. काळ्यातून. मला दिसलं नव्हतं. हिने काही केलेलं नव्हतं."

मालकीणबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. "सोमवारचा अर्धा दिवस गेला," त्या म्हणाल्या. "कामाला लागा." मशीन सुरू झालं.

मेहुणीने दोन्ही तागे मास्तरांच्या काखेतून काढून घेतले, खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरले आणि एक त्यांच्या हातात परत दिला.

"हा निळा," ती म्हणाली. "कापा आता."